पिल्लाला शिस्त, घराला धीर

आमच्या प्रतिनिधीकडून

छोट्या जातीचे पिल्लू घरात येते तेव्हा पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात दिवाणखान्यातील सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली जाते. तिसऱ्या आठवड्यात पलंगाखालून वास येऊ लागतो, आणि महिना उलटला की 'हे आपल्याला झेपणारे नाही' हे वाक्य घरातील कोणीतरी उच्चारते. पग, पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहंड, ल्हासा अप्सो अशा जातींच्या कित्येक पिल्लांचे नशीब या वाक्यापाशी फिरते. काही विक्रेत्याकडे परत जातात, काही नातेवाइकांच्या गावी धाडली जातात, तर काही सरळ रस्त्यावर सोडली जातात. त्यांचा अपराध बहुतेक वेळा एकच असतो : शी-शू कोठे करायची, हे त्यांना कोणी नीट शिकविलेले नसते.

ही शिकवण अवघड नाही. ती वेळखाऊ मात्र आहे. पिल्लू चुकते तेव्हा बहुधा आपले घड्याळ चुकलेले असते, एवढी एक गोष्ट घरातील सर्वांनी मान्य केली, तर निम्मे काम झाले असे समजावे. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्या, अंगण नसलेल्या आणि दिवसभर नोकरीच्या धावपळीत असलेल्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती देत आहोत.

पिल्लाच्या शरीराचे गणित

जन्मल्यावर सुमारे तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई त्याचे पोट व मागील भाग चाटते, त्या उत्तेजनाने ते घडते आणि आईच ती जागा स्वच्छ ठेवते. तीन आठवड्यांनंतर पिल्लू लडखडत का होईना, झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन हा विधी करू लागते. 'जेथे निजावे तेथे घाण करू नये' हा धडा निसर्गाने असा आधीच दिलेला असतो. आपल्याला फक्त त्या धड्याची व्याप्ती वाढवायची असते. पिल्लाच्या लेखी 'निजण्याची जागा' म्हणजे त्याची गादी. संपूर्ण सदनिका ही आपली निजण्याची जागा आहे, हे त्याला हळूहळू उमजते.

आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली कशा प्रकारचा पृष्ठभाग हवा, याची आवड पिल्लामध्ये पक्की होऊ लागते. मातीत सवय झालेले पिल्लू माती शोधते, कागदावर सवय झालेले कागद. पिंजऱ्याच्या जाळीवर, स्वतःच्याच घाणीत वाढलेल्या पिल्लाला मात्र हा भेद शिकण्याची संधी मिळालेली नसते. अशा पिल्लाला शिकविणे सर्वांत कठीण जाते. म्हणूनच पिल्लू घेताना ते कोठे वाढले हे प्रत्यक्ष पाहावे. २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता मूत्राशयाचे गणित. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा; तितके तास ते जास्तीत जास्त कळ काढू शकते, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. दोन महिन्यांचे पिल्लू म्हणजे तीन तास. पण ही झाली कमाल मर्यादा, आणि तीही स्वस्थ पडलेले असताना. जागे व खेळकर पिल्लू तासा-तासालाही शू करते. छोट्या जातीच्या पिल्लाचे मूत्राशय आकाराने लहान असते आणि त्याच्या शरीरातील चयापचय वेगाने चालतो. त्यामुळे शेजारच्या लॅब्राडोरच्या पिल्लाशी त्याची तुलना करणे अन्यायाचे ठरते.

दुसरी गोष्ट आहाराची. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. माणसातही असेच होते. पिल्लात ते अधिक ठळकपणे दिसते. जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत शी होण्याची शक्यता सर्वाधिक असते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतील, तर शीच्या वेळाही ठरू लागतात. दिवसभर वाडगा भरून ठेवणाऱ्या घरात शीची वेळ ओळखणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

जात छोटी, ढिलाई मोठी

छोट्या जातीची कुत्री 'शिकत नाहीत' असा सार्वत्रिक समज आहे. भारतात २००३ मधील एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीतून पग घराघरांत पोहोचला आणि त्यानंतर या समजाचा अनुभवही अनेकांनी घेतला. मात्र कारण पिल्लाच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा आपल्या वागणुकीत शोधावे. मोठ्या कुत्र्याने खोलीच्या मधोमध केलेले तळे कोणालाही दुर्लक्षिता येत नाही. दीड-दोन किलोच्या पिल्लाची शू मात्र चमचाभर असते. ती पायपुसण्याने टिपली जाते आणि विषय संपतो. सोफ्याच्या मागची गोष्ट तर दोन दिवसांनी कळते. चूक लहान दिसते म्हणून ती चालवून घेतली जाते, आणि चालवून घेतलेली चूक म्हणजेच पिल्लाच्या दृष्टीने मिळालेली परवानगी.

याखेरीज काही अडचणी खऱ्याही आहेत. डॅशहंडचे पोट जमिनीला टेकण्याइतके खाली असते, त्यामुळे ओले गवत व पावसाचे पाणी त्याला नकोसे वाटते. पगला उन्हाचा त्रास लवकर होतो. पॉमेरेनियनला गारठा फारसा जाणवत नाही, परंतु रस्त्यावरच्या गोंगाटाने ते बिथरते. भेदरलेले पिल्लू बाहेर काहीच करत नाही आणि घरात पाऊल टाकताच मोकळे होते. ही खोडी नव्हे. घरात त्याला सुरक्षित वाटले, एवढाच त्याचा अर्थ.

लसीकरण होईपर्यंत काय?

अंगण नसलेल्या कुटुंबापुढचा खरा पेच येथे आहे. शिकविण्याचे उत्तम वय आठ आठवड्यांपासून सुरू होते. पण पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर त्याला सोडणे धोक्याचे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, आणि लहान पिल्लाला झालेल्या पार्व्होचे रक्तमिश्रित जुलाब अनेकदा प्राणावर बेततात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचीही भर पडते. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा उद्रेक अनुभवला आहे. साचलेल्या पाण्यातून तो माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होतो आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून पसरू शकतो.

तेव्हा पहिले दोन महिने घरातच एक जागा नेमून द्यावी, हा मार्ग उरतो. न्हाणीघराचा कोपरा, मोरी किंवा जाळी असलेली बाल्कनी यांपैकी एक जागा निवडावी आणि मग ती बदलू नये. झोपण्याची व खाण्याची जागा तिच्यापासून दूर असावी. तेथे जुन्या वर्तमानपत्राचे जाड थर अंथरावेत, किंवा कडा असलेल्या पसरट ट्रेमध्ये कागद ठेवावा. पायपुसणी, गोधड्या आणि जाजमे या काळात उचलून ठेवावीत. मऊ व शोषून घेणारा कोणताही पृष्ठभाग पिल्लाला सारखाच वाटतो. सकाळी दाराशी पडलेला आजचा अंक आणि मोरीतील रद्दी यांतही त्याला फरक कळत नाही, म्हणून अंक वेळीच उचलावा.

घाण झालेला कागद बदलताना किंचित ओला झालेला एक तुकडा नव्या कागदाखाली ठेवावा. वासाची ती खूण पिल्लाला जागा दाखविते. सुरुवातीला कागदाचा विस्तार मोठा ठेवून, पिल्लू सतत एकाच भागात जाऊ लागल्यावर तो दर काही दिवसांनी थोडा थोडा कमी करावा.

घरातच जागा दिली म्हणजे पिल्लाला जगापासून तोडावे, असे नव्हे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने, तीन ते बारा आठवड्यांचा काळ पिल्लाच्या समाजीकरणासाठी निर्णायक असतो, हे ठसविले. त्यामुळे पिल्लाला कडेवर घेऊन रोज खाली न्यावे. रिक्षांचे आवाज, मुलांचा दंगा, रखवालदार, लिफ्ट यांची ओळख करून द्यावी. पुढे बाहेरची सवय लावताना ही ओळख कामी येते.

दिवसाचे वेळापत्रक

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो. घरातील दिनक्रमानुसार वेळा मागेपुढे कराव्यात, क्रम मात्र मोडू नये.

सकाळी ६ : जाग येताच पिल्लाला उचलून नेमलेल्या जागी न्यावे. चालत नेल्यास ते वाटेतच कार्यभाग उरकते.
सकाळी ७ : पहिले जेवण. त्यानंतर दहा मिनिटांनी पुन्हा त्या जागी. पाच मिनिटांत काही झाले नाही, तर नजरेखाली ठेवून पुन्हा न्यावे.
सकाळी ८ ते ११ : खेळ आणि झोप. खेळ थांबताच एकदा, झोपेतून उठताच एकदा.
दुपारी १२ आणि ४ : दुसरे व तिसरे जेवण, पुन्हा तोच क्रम.
रात्री ८ : शेवटचे जेवण.
रात्री १०-११ : निजण्यापूर्वीची शेवटची फेरी.
रात्री २-३ : पहिले काही आठवडे एकदा उठावे लागते. दिवा मोठा करू नये, खेळू नये. काम झाले की पुन्हा गादीवर ठेवावे.

सारांश असा की, झोप, जेवण आणि खेळ यांतील प्रत्येकानंतर एक फेरी. जमीन हुंगत गोल गोल फिरणे, खेळ सोडून एकाएकी कोपऱ्याकडे निघणे, दाराशी कुंकूं करणे ही इशाऱ्याची लक्षणे आहेत. ती दिसताच हातातील काम टाकून पिल्लाला उचलावे. भिंतीवर एक कागद लावून दर वेळेची नोंद करावी. आठवडाभराच्या नोंदीतून पिल्लाचे स्वतःचे घड्याळ स्पष्ट दिसू लागते.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे ही घातक युक्ती आहे, विशेषतः उन्हाळ्यात. जेवण चुकविणेही तितकेच वाईट. अतिलहान जातींच्या पिल्लांच्या रक्तातील साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होते, झोकांड्या खाते, प्रसंगी त्याला झटके येतात.

शाबासकी तत्काळ, शिक्षा मुळीच नाही

नेमलेल्या जागी पिल्लाचे काम चालू असताना एखादा ठरावीक शब्द शांतपणे उच्चारावा. 'शू कर' असे साधे शब्दही चालतील. मात्र घरातील सर्वांनी तेच वापरावेत. आजोबांनी मराठीत, नातवाने इंग्रजीत आणि कामाला येणाऱ्या बाईंनी आणखी तिसऱ्या शब्दांत सांगितले, तर पिल्लू गोंधळते. काम संपताक्षणी कौतुक करावे आणि खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा द्यावा. हा खाऊ तेथेच, दोन-तीन सेकंदांत मिळायला हवा. पिल्लू धावत स्वयंपाकघरात आल्यावर दिला, तर ती धावत येण्याची शाबासकी ठरते.

गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका मारणे आणि पिल्लाचे नाक त्याच्याच शूमध्ये घासणे, हे दोन जुने 'उपाय' आजही घरोघरी सांगितले जातात. दोन्ही निरुपयोगी आहेत. इतकेच नव्हे, तर काम बिघडविणारे आहेत. अर्ध्या तासापूर्वीच्या कृतीशी आताच्या माराचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. माणूस आणि शू एकत्र दिसले की मार मिळतो, एवढेच ते शिकते. मग ते माणसासमोर शू करणेच टाळते. तुमच्यासोबत खाली अर्धा तास फिरूनही काही करत नाही आणि घरी येऊन पलंगाखाली शिरते. 'मुद्दाम करतो' अशी ज्याची तक्रार होते, ते वागणे बहुधा असे आपणच घडविलेले असते.

'चूक कळते म्हणूनच तर मान खाली घालतो', हा युक्तिवादही तपासून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खरोखर आज्ञा मोडली होती की नाही, यावर तो 'अपराधी चेहरा' अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. खाली घातलेली मान ही कबुली नसून आपल्या रागाला दिलेले उत्तर असते.

पिल्लू प्रत्यक्ष चुकत असताना दिसले, तर टाळी वाजवून त्याचे लक्ष वेधावे आणि उचलून योग्य जागी न्यावे. तेथे उरलेले काम झाले तर कौतुक करावे. चूक नंतर दिसली तर काही न बोलता पुसून टाकावी आणि आपले वेळापत्रक तपासावे.

पुसण्यातही शास्त्र आहे. अमोनियायुक्त द्रव्य वापरू नये. त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो आणि पिल्लाला पुन्हा तेथेच बोलावतो. फिनाइलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटते, परंतु कुत्र्याच्या नाकाला खालचा वास लागतोच. शिवाय पिल्लू पंजे चाटत असल्याने ते पोटात जाण्याचा धोका असतो. आधी कागदाने टिपून घ्यावे, मग पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणाऱ्या विकरयुक्त द्रावणाने ती जागा पुसावी. द्रावण काही मिनिटे तसेच राहू द्यावे.

घरी कोणी नसेल तर

पिल्लावर नजर ठेवणे शक्य नसते तेव्हा त्याचा वावर मर्यादित करावा लागतो. त्यासाठी पिंजरा वापरता येतो. मात्र तो पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता येईल इतकाच असावा. फार मोठा पिंजरा घेतला, तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शी असा संसार ते थाटते. दार उघडे ठेवून, आत खाऊ टाकून त्याची गोडी लावावी. शिक्षा म्हणून कधीही कोंडू नये. त्याच्या कळ काढण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक वेळ आत ठेवणे म्हणजे त्याला गादीत घाण करण्यास भाग पाडणे. असे चारदोनदा घडले, की निसर्गाने दिलेला मूळ धडाच ते विसरते.

पती-पत्नी दोघेही नऊ तास बाहेर असतील, तर पिंजरा हे उत्तर नव्हे. जाळीचे छोटे कुंपण करून एका टोकाला गादी व पाणी, दुसऱ्या टोकाला कागद अशी व्यवस्था करावी आणि दुपारी निदान एकदा कोणी येईल, हे पाहावे. घरी आजी-आजोबा असल्यास हे काम सोपे होते. पण पिल्लू आणण्यापूर्वी त्यांना विचारलेले असावे. वाकणे आणि पुसणे त्यांच्याच वाट्याला येणार असते.

मागे जाणे आणि आजारपण

तीन आठवडे सारे सुरळीत चालावे आणि अचानक पुन्हा तळी दिसू लागावीत, हे नेहमीचे आहे. पाहुणे, फटाके, घराचे रंगकाम एवढे कारणही पुरते. अशा वेळी चार दिवस पहिल्या वेळापत्रकाकडे परतावे. सहा महिन्यांनंतर नर कुत्रा पाय वर करून कोपरे भिजवू लागला, तर ते खुणा करणे होय. नसबंदीविषयी पशुवैद्यांशी बोलावे. कोणी घरात शिरताच अंग चोरून शू करणारे पिल्लू भीतीने वा अतिआनंदाने तसे करते. त्याला रागावल्यास ते वाढते. त्याच्याकडे काही क्षण दुर्लक्ष करून मग खाली बसून जवळ घ्यावे. वयाबरोबर ही सवय बहुधा सुटते.

थेंब थेंब शू होणे, ती करताना कण्हणे, लघवीत रक्त दिसणे, एकाएकी फार पाणी पिणे किंवा सतत पातळ शी होणे ही मात्र आजाराची लक्षणे आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग वा जंत असलेल्या पिल्लाला शिकवण नव्हे, औषध हवे.

घरातून रस्त्यावर

लसीकरण पूर्ण झाल्यावर पशुवैद्यांच्या संमतीने पिल्लाला बाहेर न्यावे. पहिल्या काही दिवसांत घरातील वापरलेल्या कागदाचा तुकडा सोबत नेऊन नेमक्या जागी ठेवला, तर त्याला खूण पटते. काम होताच लगेच घरी परतू नये; नाहीतर शू केली की फिरणे संपते असे समजून ते लांबणीवर टाकू लागते. लिफ्टमध्ये त्याला कडेवर घ्यावे. पावसाळ्यात वळचणीची एखादी कोरडी जागा आधीच हेरून ठेवावी. घरातील कागद पूर्ण बंद करण्याची घाई करू नये. छोट्या जातीच्या कुत्र्याला मुसळधार पावसात किंवा म्हातारपणी तोच आधार ठरतो.

बाहेर केलेली घाण उचलणे ही मालकाची जबाबदारी आहे. रद्दीचा कागद आणि पिशवी सोबत असावी. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्यास दंडाची तरतूद केली. कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना आणि रेबीज प्रतिबंधक लसही आवश्यक आहे. सोसायट्यांतील अनेक तंटे कुत्र्यामुळे नव्हे, तर जिन्यात राहून गेलेल्या घाणीमुळे पेटतात.

आणि सोडून देण्याविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, भुकेने व तहानेने तडफडेल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे हास्यास्पद आहे. पिल्लाला भोगावी लागणारी शिक्षा मात्र तशी नसते. गादीवर निजलेला पग वा शिह त्झू रस्त्यावरच्या टोळ्यांत आणि वाहनांत फार दिवस टिकत नाही.

नेटाने वेळ पाळणाऱ्या घरांत चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत पिल्लू बऱ्यापैकी भरवशाचे होते. छोट्या जातींत पूर्ण खात्री वाटण्यास कधी कधी वर्ष लागते. या जातींची कुत्री बारा-पंधरा वर्षे सोबत करतात, त्या मानाने हा काळ मोठा नव्हे. पिल्लू आणण्याचा विचार असेल, तर जात व रंग ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : पुढचे तीन महिने सकाळी सहाला, दुपारी चारला आणि रात्री दोनला कोण उठणार? तिन्ही वेळांपुढे नावे लिहिता येत असतील, तर पिल्लू खुशाल आणावे.